माझ्या सावलीचं माप

नाही, नाही, नाही! उन्हात नाही बसायचं मला! तुम्ही बसा खुशाल, ऊन खा, मी इथं भिंतीला चिकटून उभा राहतो, आणि अहो टोपीवाले, तुम्ही तेवढा पाय काढा तिथून, माझी सावली पडलीय तिथं... हां, हसा! सगळेच हसतात. डॉक्टर हसला, पाववाली हसली, पाद्रीसुद्धा दाढीत हसला. मी काही घाबरट माणूस नाही, तुम्हाला सांगतो. जन्मभर बस चालवलीय मी, प्लोवदिव शहरातून वर डोंगरात, बर्फात, गुळगुळीत झालेल्या टायरांवर, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा, आणि मागे बायका पिशवीत जिवंत कोंबड्या घेऊन गप्पा मारतायत... कधी हात थरथरला नाही! आणि आता जरा लख्ख ऊन पडलं की मी बाकाखाली शिरायला बघतो! कशामुळं? मॉलमुळं!

कुठला मॉल म्हणता? अहो, तीच तर सगळी कथा आहे! आमच्या तोपोलित्सा वस्तीत मॉल नाहीच. मॉलचा बसथांबा आहे. बसमधली ती न दिसणारी बाई इतक्या लाडात सांगते, 'पुढील थांबा... मॉल', आणि परगावची माणसं बिचारी केस विंचरून, पिशव्या सरसावून उतरतात, आणि बघतात तर काय? खड्डा! खड्ड्यात पाणी, पाण्यात बेडूक, बेडकांच्या मधोमध गंजलेल्या सळ्या काढून उभे राहिलेले खांब, आणि वर एक क्रेन, जी इतकी वर्षं हललेली नाही की तिच्यावर करकोच्यांनी घरटं केलंय. दर वसंतात येतात, पिल्लं काढतात, जातात. त्यांना वेळेवर ताबा मिळाला, आम्हाला नाही!

पहिला मालक आला त्यानं हा एवढा फलक लावला. फलकावर समुद्रकिनाऱ्यावरची झाडं! आमच्याकडं हिवाळ्यात नाकातलं पाणी गोठतं, आणि फलकावर बिनबाह्यांच्या बायका खरेदीला निघाल्यायत. 'लवकरच येत आहे.' तो गेला. दुसरा आला, त्यानं मॉलचं नाव बदललं, फलकावरच्या बायका बदलल्या, 'लवकरच' तेवढं ठेवलं. त्याच्या वेळी पाद्री आला, रानतुळशीच्या जुडीनं पाणी शिंपडलं, मॉलच्या पायावर कोंबडा कापला. सगळं रीतसर! पण कोंबडा खाल्ला कुणी? ठेकेदारानं! पायाला मिळाली पिसं! मग खांबाला तडे जाणार नाहीत तर काय होणार? सगळी वस्ती म्हणाली, बांधकामानं काही मागितलं होतं, आणि यांनी त्याच्या तोंडाला पानं पुसली.

आणि मग आला तिसरा. त्याचा तो लाचेझार नावाचा इंजिनियर, चकचकीत बूट, गुळगुळीत गाल, त्यानं वस्तीची सभा बोलावली. मी उठलो. मी उठायला नको होतं! रायना, म्हणजे माझी बायको, कोट ओढत होती मागून, 'मेतो, बस खाली, मेतो, तुझं पोट दिसतंय', पण मी पेटलो होतो! मी ओरडलो, 'किती वर्षं झुलवणार आम्हाला? आणखी काय पाहिजे तुम्हाला? माझा जीव पाहिजे? घ्या! घ्या माझा जीव, पण तो मॉल एकदाचा उभा करा!' काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या. आता तुम्हीच सांगा, बोलायची एक पद्धत असते की नाही? माणूस 'जीव देतो' म्हणतो म्हणजे काय लगेच जीव काढून टेबलावर ठेवतो? पण मागच्या ओळीत एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. नुसता बघत होता.

तो मिस्त्री राडोय. वरच्या डोंगरातला, जिकडचे गवंडी जुने दगडी पूल बांधायचे त्या मुलखातला. शब्दाला महाग! 'नमस्कार' म्हटलं तर तोही परत देईल याची खात्री नाही.

तर काम सुरू झालं. आणि काम सुरू झालं की निवृत्त माणसाची जागा कुठं? कुंपणाशी! हात मागे, पोट पुढे, 'अरे, पातळ झालाय तो माल! अरे, ती फळी तिरकी आहे! आमच्या वेळी असं नव्हतं!' माझ्या शेजारी क्रस्त्यो, माझा खालच्या मजल्यावरचा दोस्त, सोंगट्यांतला जोडीदार, तो सूर्यफुलाच्या बिया फोडतोय, मी सूचना देतोय, उतरतं ऊन पाठीवर, आणि माझी सावली पडलीय लांबच्या लांब, कुंपणातून आत, थेट मातीवर. आणि मिस्त्री राडोय येतो. खिशातून दोरी काढतो. खाली बसतो. दोरीचं एक टोक माझ्या सावलीच्या पायाशी धरतो... दुसरं टोक नेतो डोक्याशी... तिथं गाठ मारतो. मान वर करून माझ्याकडं बघतो. आणि दोरी गुंडाळून खिशात!

क्रस्त्योच्या तोंडातली बी तोंडातच राहिली. 'मेतोदी,' म्हणाला, 'त्यानं तुला मापलं.' मी म्हटलं, 'छे, छे.' तो म्हणाला, 'मापलं रे. गाठही मारली.' आणि माझ्यापासून एक पाऊल बाजूला सरकला! दोस्त! मी काही घाबरट माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण घरापर्यंत मी धावत गेलो. झाडाच्या कडेकडेनं, सावलीवर सावली ठेवत.

घरी सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या. त्याही डोंगरातल्याच. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

'कुणी मापलं?' 'मिस्त्रीनं.' 'कशानं?' 'दोरीनं.' 'गाठ?' 'मारली.' 'कुठं मारली, डोक्याशी की पायाशी?' 'डोक्याशी.' 'मग संपलं, जावया.'

संपलं! एवढंच! कुठं पाण्याचा पेला, कुठं पाठीवर हात! मी म्हटलं, 'काय संपलं?' तर म्हणाल्या, 'अरे, पूर्वी मिस्त्री लोक बांधकामाच्या पायात जिता माणूस चिणायचे. मग सरकारं आली, तसं करता येईना. मग सावली मापून दोरी चिणायला लागले. दोरी आत गेली की बांधकामाला मरण नाही. ज्याची सावली, तो झिजतो. झिजतो, झिजतो आणि एक दिवस जातो. आणि मग तिथंच राहतो, राखणदार म्हणून. कायमचा. माझ्या आजोळच्या पुलात एक न्हावी आहे. अजून खालून गेलं की बाप्यांच्या दाढीला खाज सुटते.' हे इतक्या गोडीनं सांगितलं, जसं कुणाला चांगली नोकरी लागलीय! आणि मग शेंगा बाजूला ठेवल्या, उठल्या, आणि गहू भिजत घातले.

गहू! तुम्हाला कळतंय ना? आमच्यात माणूस गेला की गहू उकडतात, साखर घालतात, अक्रोड घालतात, आणि द्रोणाद्रोणानं वाटतात, खा आणि म्हणा देव त्याला क्षमा करो! माझे गहू, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच पातेल्यात! मी म्हटलं, 'सासूबाई, मी इथं उभा आहे!' तर म्हणतात, 'तू उभा आहेस रे, पण गव्हाला भिजायला वेळ लागतो.'

दुसऱ्या दिवशी मॉलच्या पायात काँक्रीट ओतलं. मी गच्चीवरून बघितलं. मोठा घोंघावता मिक्सर, घरघर घरघर, आणि त्या प्रत्येक घरघरीला माझ्या बरगडीत कळ! विजार सैल व्हायला लागली. खरंच सैल! डॉक्टरकडं गेलो, त्यानं छाती ठोकली, पाठ ठोकली, जीभ बघितली, आणि म्हणाला, 'काका, तुम्ही तर घोड्यासारखे आहात.' म्हणजे बघा! विज्ञानाला पत्तासुद्धा नाही!

मग मी सावलीशिवाय राहायला शिकलो. ढग असले तर बाजार. ऊन असलं तर घर. भर दुपारी, सावली पायाखाली येते तेवढ्यात, पाव आणायला पळत जायचं आणि पळत यायचं. छत्री घेतली. आकाश निरभ्र, आणि मी छत्रीखाली! पाववाली म्हणाली, 'मेतोदीकाका, पाऊस कुठाय?' मी म्हटलं, 'माझ्या नशिबात.' खरं सांगू? ते विनोदानं नव्हतो बोललो. रडू येत होतं मला. साठी ओलांडलेला माणूस, पावाची पिशवी हातात, आणि आपलीच काळी आकृती रस्त्यावर बघून छत्री आणखी खाली ओढतोय.

आणि बांधकाम? बांधकाम चढत होतं! इतक्या वर्षांत न चढलेलं बांधकाम, भराभरा! पहिला मजला. दुसऱ्याचे खांब. तडा नाही, पाणी नाही, बेडूक गेले. जसजसा मॉल वर, तसतसा मेतोदी खाली!

पण खरी भीती अजून पुढंच आहे. खरी भीती म्हणजे माणसं माझ्याशी चांगली वागायला लागली!

अहो, बातमी पसरली ना! क्रस्त्यो कसला गप्प बसतोय? आणि मला वाटलं, वस्ती उठेल, मिस्त्रीला जाब विचारेल, म्हणेल आमचा मेतोदी परत करा! कुठलं काय! शेजारीण गरम बानित्सा घेऊन आली, थरावर थर, आत चीज भरलेलं, जी बाई मला कधी चमचाभर मीठ देत नव्हती! 'खा, मेतोदीभाऊ, खा. मनात काही ठेवू नका.' कुणी राकियाची बाटली आणली, घरची दारू, जर्दाळूची, मुलीच्या लग्नासाठी राखलेली! कपडे शिवणारी दाना, जिला मॉलमध्ये दुकान हवं होतं, ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, 'तुमच्यासारखी माणसं आता होत नाहीत.' होत नाहीत म्हणजे? मी आहे अजून, बाई! आणि क्रस्त्यो... क्रस्त्यो, जो सोंगट्यांत जन्मात कधी हरला नाही, फासे लपवतो, मोजताना घरं चोरतो, तो क्रस्त्यो माझ्याशी मुद्दाम हरला! एकदा नाही, तीनदा! आणि वर म्हणतो, 'छान खेळलास हं, मेतोदी.' तेव्हा मला कळलं, या सगळ्यांनी मला केव्हाच पुरलंय. मी मेलो तर यांना दुःख होणार नाही असं नाही. होईल. पण मॉल होईल ना!

रायनाकडं गेलो. म्हटलं, 'रायना, निदान तू तरी.' ती कपाटात फोटो शोधत होती. फोटो! आमच्याकडं माणूस गेला की त्याचा फोटो छापून दारावर, खांबावर, थांब्यावर चिकटवतात, तो! सासूबाई मागून सांगतायत, 'तो लग्नातला नको गं, त्यात हसतोय.' मी मटकन बसलो. रायना माझ्याजवळ बसली. डोळे भरून आले तिचे, खोटं नाही सांगत, भरून आले. माझा हात धरला. म्हणाली, 'मेतो... तू नसलास तर मी काय करू?' मी म्हटलं, 'रायना!' ती म्हणाली, 'पण आई सांगते, तू तिथंच असशील. मॉलमध्ये. मी रोज येईन, तुझ्याजवळ बसेन. हिवाळ्यात तिथं ऊब असेल...' मग नाक पुसलं, आणि हळूच म्हणाली, 'सरकता जिना होणार आहे ना नक्की?'

मी काही घाबरट माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण त्या संध्याकाळी मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि काय मागितलं ठाऊक आहे? ज्या माणसानं भर सभेत मॉलसाठी जीव देऊ केला, त्यानं गुडघे टेकून मागितलं, 'देवा, थांबव रे काम! या देशात तुझ्या कृपेनं एवढी कामं थांबतात, रस्ते थांबतात, पूल थांबतात, दवाखाने थांबतात, त्यात हे एक!'

आणि ऐकलं त्यानं!

एका सकाळी घरघर नाही. मी गच्चीवर गेलो. मिक्सर गेलेला. मजूर गेलेले. लाचेझार इंजिनियरच्या डब्यासारख्या कचेरीला कुलूप, फोन बंद. दुसऱ्या मजल्याचे खांब तसेच, सळ्या आकाशाकडं. आणि क्रेनवर करकोचा, एका पायावर, जसा काही त्यानंच सही केलीय! मी नाचलो! गच्चीवर, अंतर्वस्त्रात! खाली उतरलो, भर उन्हात, छत्रीशिवाय, सावली ही एवढी, ऐटीत रस्त्यावर पसरलेली! म्हटलं, चला, सगळ्यांना माझ्यातर्फे एकेक पेला!

कुणी आलं नाही.

कुणी बघेना माझ्याकडं! शेजारीण बानित्साचं ताट परत मागायला आली, आणि ताट उलटंपालटं करून बघितलं, टवका तर नाही ना उडाला. राकियावाला म्हणाला, 'उरली असेल तर दे.' दाना रस्ता ओलांडून पलीकडून गेली. आणि क्रस्त्यो, त्यानं सोंगट्या मांडल्या, मला पार धुऊन काढलं, मोजताना दोन घरं चोरली, आणि म्हणाला, 'मला आधीच शंका होती, मेतोदी. तुझ्या सावलीत दमच नाही.' माझ्या सावलीत! वस्तीभर हेच! 'मेतोदीची सावली घातली आणि काम बंद पडलं.' 'जित्या माणसात नाही ते सावलीत कुठून येणार?' 'जन्मभर बस उशिरा आणली, सावलीही तसलीच!' सासूबाई त्या आठवड्याचे भिजलेले गहू ओतून देताना पुटपुटत होत्या, 'आमच्या गावचा न्हावी बरा. किडकिडीत होता, पण तीन कमानी पेलल्या त्यानं.'

राग आला, तुम्हाला सांगतो, पण भीती मेली नव्हती! कारण दोरी? दोरी कुठाय? कुठल्या खांबात? उद्या चौथा मालक आला आणि काम पुढं गेलं तर? मी गेलो साइटवर. मिस्त्री राडोय एकटाच उरला होता, थापी, ओळंबा, सगळं पोत्यात भरत. म्हटलं, 'मिस्त्री, एका बापाचे असाल तर खरं सांगा. माझी दोरी कुठाय?'

'कसली दोरी?'

'माझ्या सावलीची! त्या दिवशी मापलीत ती! कुठल्या खांबात घातलीत?'

त्यानं पोतं खाली ठेवलं. डोकं खाजवलं. आणि पहिल्यांदा, मी त्याला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा, लांब बोलला. 'हां, ती होय! अरे, टेप इंजिनियर घेऊन गेला होता. मला आखणी करायची होती. म्हटलं, हा माणूस रोज इथंच खुंटासारखा उभा असतो, हलत नाही, याच्या सावलीएवढी लांबी बरोब्बर होईल. घेतली मापून.'

माझा जीव भांड्यात पडला! 'म्हणजे खांबात नाही?' 'छे!' 'मॉलच्या पायात नाही?' 'मॉलचा काय संबंध?' मला वाटलं त्याच्या गळ्यात पडावं! हसत हसत विचारलं, 'मग कसली आखणी होती, मिस्त्री?'

त्यानं बोट केलं. कुंपणाच्या कोपऱ्यात, रस्त्याला लागून.

'मजुरांचा संडास.'

मी बघितलं. विटांचा, पक्का, बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं, वर कौलं. म्हटलं, 'आणि दोरी?'

'दोरी त्याच्याच पायात टाकली. आमच्याकडं मापाची दोरी घरी परत नेत नाहीत.' पोतं खांद्यावर टाकलं आणि निघाला. चार पावलांवर वळला आणि म्हणाला, 'काही म्हण, पण जमलाय झकास.'

जमलाय! जमणारच! वसंतात धरणीकंप झाला ना, छोटासा, कपाटातले पेले किणकिणले तेवढा... मॉलचे दोन खांब वाकले, इंजिनियरची कचेरी कलंडली, क्रेन तिरकी झाली. आणि संडास? एक वीट हलली नाही! एक कौल सरकलं नाही! आता आमच्या वस्तीत पुरं झालेलं, टिकलेलं, लोकांच्या उपयोगाचं बांधकाम म्हणाल तर ते एकच. 'मॉल' थांब्यावर उतरलेली परगावची माणसं इकडं तिकडं बघतात आणि बिचारी तिकडंच जातात. सगळे खूश! क्रस्त्यो येऊन म्हणाला, 'मेतोदी, शब्द मागे घेतो. तुझ्या सावलीत दम आहे.' पाद्री म्हणतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, आणि स्वतः दर रविवारी प्रार्थनेआधी जाऊन येतो!

आणि सासूबाईंनी पुन्हा गहू भिजत घातलेत. कारण न्हाव्याचं काय, माझं काय, नियम तोच! वास्तू उभी, म्हणजे राखणदार ठरलेला. कायमचा! म्हणजे बघा, मी गेल्यावर लोकांचे आत्मे स्वर्गात जातील, डोंगरावर जातील, कुणी पुलात, कुणी किल्ल्यात, आणि मी, मेतोदी, बर्फातून बस चालवलेला माणूस...

काल रायना माझ्यासमोर जेवत होती. मग चमचा खाली ठेवला आणि विचारलं, 'मेतो, राखणदार म्हणून तू बायकांच्या बाजूला असशील की पुरुषांच्या?'

मी म्हटलं, 'कुठंही टाक मला, रायना. फक्त कडी आतून लागते ना, तेवढं बघ.'